तळहातापेक्षा लहान

बालमित्रांनो, माझा पंखा खरखरतोय तिकडे लक्ष देऊ नका, मी काय सांगतो ते ऐका. मी बोरिवलीच्या एका कॉलेजातला, जीवशास्त्राच्या खोलीतला म्हातारा कॉम्प्युटर आहे आणि माझ्याकडे आता फारसा वेळ नाही.

माझी उमेदीची वर्षं पवईच्या एका चकाचक ऑफिसात गेली. तिथे काय माझे लाड! मग माझ्याहून तरतरीत मंडळी आली आणि माझी रवानगी इथे झाली, बेडकांच्या बरण्यांशेजारी. तीन वर्षं मला कुणी सुरूसुद्धा केलं नाही. मी रुसलो, पण बघायलाच कुणी नसेल तर रुसून काय उपयोग? शेवटी तेही सोडून दिलं.

मग गंधाली आली. गोराईची मुलगी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील सहदेव खाडीतल्या चिखलात उतरून लोखंडी आकडीने चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढतात. त्यांचा एक नियम आहे. तळहातापेक्षा लहान चिंबोरी सापडली की ती पुन्हा पाण्यात सोडायची. "लेकरं आहेत ती, वाढू दे," असं ते म्हणतात. चिंबोरी धरणारे गावात साठ जण. त्या सगळ्यांनी हा नियम पाळावा म्हणून सहदेव दहा वर्षं भांडत होते. कारण चिंबोऱ्या दरवर्षी कमी होत होत्या, मिळत त्याही बारक्या. अखेर एका रविवारी गावाची सभा ठरली. गंधालीने वडिलांना शब्द दिला, "बाबा, कॉलेजातून पुरावा आणते."

तो पुरावा काढायचं काम माझ्याकडे आलं. तिने माझ्या पोटात पाच हजार चिंबोऱ्या सोडल्या. खऱ्या नव्हेत, आकड्यांच्या. कोणत्या मापाची झाल्यावर अंडी घालायची, तेवढा एक आकडा प्रत्येकीजवळ होता. पिल्लाला आईचाच आकडा मिळे, पण जरासा इकडेतिकडे सरकलेला. मग तिने सगळ्या साठ जणांना सहदेवांचा नियम लावला आणि वर्षं पळवली.

मित्रांनो, तेव्हाच मला बंद पाडलं असतं तर बरं झालं असतं.

जी चिंबोरी सावकाश वाढून, मोठी होऊन अंडी घालणारी होती, ती अंडी घालण्याआधीच तळहाताएवढी होई आणि धरली जाई. तिचा वंश तिथेच संपे. जी लहानपणीच घाईघाईने अंडी घाली, ती सुटे. तिची पिल्लं उरत, तीही तिच्यासारखीच घाईची. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि खाडीत सगळ्या बुटक्याच राहिल्या. बुटक्या आईची अंडीही थोडी, म्हणून संख्या घसरत गेली. कुणाचं वाईट व्हावं असं सहदेवांनी कधी मनात आणलं नव्हतं. पण आपण वाचवतोय असं समजून ते आणि त्यांचं ऐकणारे थोडे लोक चाळीस वर्षं बुटक्यांचीच निवड करत आले होते.

गंधालीने मला पुन्हा चालवलं. आकडे बदलले, पाणी स्वच्छ केलं, खाद्य वाढवलं. वीस वेळा, पन्नास वेळा. मला दोन थपडासुद्धा मारल्या. "चुकतोयस तू, डबड्या!" म्हणाली आणि रडायला लागली. मी चुकत नव्हतो. चुकता आलं असतं तर आनंदाने चुकलो असतो.

शनिवारी दुपारी सहदेव स्वतः आले. फेरीबोटीने, इस्त्रीचा शर्ट घालून.

"दे गो कागद. उद्या एकेकाची बोलती बंद करतो."

गंधालीने कागद दिला नाही. मग तिने त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि सगळं दाखवलं. चिंबोऱ्यांची संख्या दाखवणाऱ्या उतरत्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"परत लाव."

तिने लावलं. तेच आलं.

"परत लाव. एकदा जाळं रिकामं आलं म्हणून कोण घरी जातं काय?"

सात वेळा लावलं. सातव्या वेळी ते माझ्याकडून तिच्याकडे वळले.

"म्हणजे मी मारल्या?"

"तसं नाही बाबा. तुम्हाला कुठे माहीत होतं? लहान सोडा, पण खूप मोठ्या पण सोडा. मधल्याच तेवढ्या धरायच्या. मग हळूहळू सुधारतं. हे बघा."

"किती वर्षांत?"

"तीस."

सहदेव अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. ते उठले आणि कागद न घेताच गेले.

सोमवारी गंधालीने सभेत काय झालं ते तिच्या शिक्षिका पद्मजा मॅडमना माझ्यासमोरच सांगितलं. सहदेव उभे राहिले आणि म्हणाले, "दहा वर्षं मी तुमच्याशी भांडलो. माझं चुकलं. नुसत्या लहान सोडून भागणार नाही, मोठ्याही सोडायला पाहिजेत." लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "लहान सोडून वाट लागली ना? मग कशाला सोडायच्या?" झालं! जे थोडे लोक नियम पाळत होते, त्यांनीही तो सोडला. आता लहान, मोठी, सापडेल ती टोपलीत जाते. खरं बोलल्याने हे झालं, मित्रांनो, आणि ते खरं मीच काढून दिलं होतं. माझा जीव तुटतो.

सहदेव मात्र एकटेच मोठ्या सोडतात. पैसे कमी येतात म्हणून घरात रोज भांडण होतं. गंधालीने बाबांचं हे सोडणंही माझ्यात घालून पाहिलं. साठांत एक माणूस. रेघ जराही हलली नाही. मग तिने दोन घातले, पाच घातले, दहा घातले. अकरा घातल्यावर रेघ खाली घसरायची थांबली.

आज असा माणूस एकच आहे. माझ्यातल्या चिंबोऱ्या मी हव्या तितक्या वेळा पुन्हा जिवंत करू शकतो, खाडीतल्या नाही. म्हणून हात जोडतो, मला हात नसले तरी जोडतो. मासळीबाजारात गेलात की आईबाबांना सांगा, सगळ्यात मोठी चिंबोरी मागू नका. तुम्ही मागता म्हणूनच ती धरली जाते. रेघ थांबवायला लागणारे उरलेले दहा जण तुमच्या मागण्याकडे डोळे लावून बसलेत. आजच सांगा, पुढच्या वर्षी नको.