गार खोलीचं प्लास्टिक

निवृत्त मुख्याध्यापक गुलाबसिंग राठोड यांनी दिग्रसच्या घरामागं एक गार खोली वाढवायला घेतली. विटांच्या भिंतीला आतून उष्णता अडवणारं ग्लासवूल, त्यावर प्लायवूड आणि वर एसी. ओल अडवायला मध्ये प्लास्टिकचा जाड कागद लावायचा होता. तो ग्लासवूलच्या कोणत्या अंगानं, एवढाच प्रश्न होता. पण गुरुजींच्या घरात कोणताही प्रश्न एवढाच राहत नसे.

“विटेच्या अंगानं,” भीमराज मिस्त्री म्हणाला. “आपल्या इकडं गरम, ओली हवा बाहेर असते, गुरुजी. तिले बाहेरच अडवाव लागते.”

“कितवी शिकला तू?”

“नववी.”

“आमचा इंद्रजीत इंजिनिअर हाये. कॅनडात राह्यते.”

मुलानं व्हिडिओ पाठवला होता. घराबाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत एक गोरा माणूस खोलीच्या अंगानं प्लास्टिक ठोकत होता. त्याचं बोलणं गुरुजींना फारसं कळलं नाही, पण बर्फ पाहून त्यांची खात्री पटली. मग भीमराजनं गुरुजींच्या सांगण्याप्रमाणं प्लास्टिक खोलीच्या अंगानं लावलं.

श्रावणात एसी अठरावर सुरू झाला. आठवड्यात खोलीला ओल्या पोत्याचा वास सुटला. मग प्लायवूड फुगलं, खालून पाणी झिरपलं. गुरुजींनी आधी छताला दोष दिला, मग शेजारच्या अमरसिंगच्या न्हाणीला, आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं.

लालीबाईंनी फ्रिजमधला गडवा नवऱ्यापुढं ठेवला. त्याला बाहेरून घाम फुटला होता.

“हा काही गळून नाही राह्यला,” त्या म्हणाल्या. “दमट हवा थंड अंगाले लागली, का तिचं पाणी होते. तुमचं प्लास्टिक एसीनं थंड पडलं, अन् विटेतून आलेली ओल त्याच्यावर बसली. भीमराज हेच सांगत होता.”

गुरुजी गडव्यातलं पाणी प्यायले आणि त्यांनी कॅनडाला फोन लावला.

“बापू, इथं ऊब आत अन् गारठा बाहेर,” इंद्रजीत म्हणाला. “तिथं उलटं लावाव लागन.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तुम्ही विचारलं, ‘तुमच्याकडं कॅनडात कसं लावतात?’ मी तेच सांगितलं.”

आता नववी शिकलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं बोलवायचं? शेवटी लालीबाईंनीच बोलावलं. भीमराजनं प्लायवूड उचकटलं, भिजलेलं ग्लासवूल फेकलं, भिंत पंधरा दिवस वाळू दिली आणि प्लास्टिक विटेच्या अंगानं लावलं. ‘मी म्हटलं होतं’ असं तो एकदाही म्हणाला नाही. गुरुजींना तेच जास्त लागलं.

भादव्यात खोली कोरडी ठणठणीत राहिली. गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीचं शास्त्र ऐकवू लागले. गावात नाव झालं. एका वकिलांनी तर आपली खोली दाखवायला त्यांना घरी बोलावलं.

गुरुजींनी भीमराजला सोबत घेतलं. ऑटो सुरू झाला, तसे ते त्याच्याकडं सरकले.

“ते हवेचं एकदा पुन्हा सांग,” ते हळूच म्हणाले. “सावकाश.”