प्रीतमची हजेरी

बोरिवलीच्या त्या कॉलेजात नव्या पोरांना रुळवायला दुसऱ्या वर्षाची मुलं नेमत. जान्हवीला हे काम फार आवडे. तिच्या वाट्याला पाच जण आले होते. त्यांना नोट्स देणं, कुठल्या सरांसमोर तोंड उघडायचं नाही ते सांगणं, सगळं ती हौसेनं करी. पाचांतला प्रीतम मराठी शाळेतून आलेला, इंग्रजी लेक्चरला बावरून बसणारा. त्याच्यावर तिचा जरा जास्तच जीव.

गणपतीनंतर तो यायचाच बंद झाला. सलग तीन दिवस दांडी पडली की ऑफिसातून घरी फोन जाई. "ताई, घरी कळू देऊ नको. उद्यापासून येतो," असा त्याचा मेसेज आला. जान्हवी विरघळली. शिवाय आपल्या पाचांपैकी एकाच्याही घरी फोन गेलेला नाही, हा तोरा होताच की! तिनं प्रीतमच्या वर्गातल्या केयूरला गाठलं.

"त्याची प्रॉक्सी मार ना यार, दोन-चार दिवस."

"पकडलो गेलो तर वाट लागेल गं."

"एवढ्या पोरांत सर कुणाचं तोंड बघतायत?"

दोन-चार दिवसांचे दोन आठवडे झाले. प्रीतमची उत्तरं आखडत गेली. मग नुसतं "हो." परवापासून तेही नाही. सरांना सांगू, असं जान्हवी म्हणे आणि उद्यावर ढकली. सांगायचं तर स्वतःचंही बिंग फुटणार.

गुरुवारी दुपारी ती त्याच वर्गाबाहेर उभी असताना एक बाई धापा टाकत जिना चढून आल्या. जान्हवीच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून हसल्या.

"तूच जान्हवी मा? मी प्रीतमची आई. तो मोबाईल घराकच ठेवन इलो बघ. कधी इसरणा नाय तो. सकाळी माझ्या पाया पडलो, आपला घड्याळ धाकट्याच्या हातात बांधल्यान. आज परीक्षा आसा काय गो?"

आज कसलीच परीक्षा नव्हती; निरोप घेतल्यासारखं घड्याळ देऊन गेलेला प्रीतम जान्हवीच्या डोळ्यांसमोर आला. आत सरांनी हजेरी सुरू केली होती. प्रीतमचं नाव आलं तशी आई कौतुकानं दाराकडे सरकली.

"प्रेझेंट सर!" मागच्या बाकावरून केयूर ओरडला.

आईनं एकेक बाक पाहिला. मग ती वळली.

"ह्यो आवाज माझ्या झिलाचो न्हय."

"काकू," जान्हवी रडू लागली, "तो दोन आठवडे येतच नाहीये. मी... मीच त्याची हजेरी लावायला सांगितली."



"रोज डबो घेवन जाता तो. पोरगो नाय इलो तर कॉलेजातसून फोन येता म्हणान सांगलेला. फोन येवक नाय, म्हणान मी निर्धास्त होतंय गो."