चौदा चादरी

कोर्बेट स्टेट हे कॉलेज नाही, चोरांचा अड्डा आहे. हे मी रागाच्या भरात बोलत नाही. राग नसतानाही माझं हेच मत असतं, फक्त नोव्हेंबरात राग नसण्याची वेळ फारशी येत नाही. त्यांच्या खेळाडूंना नव्या कोऱ्या गाड्या कोण देत होतं हे अख्ख्या अलाबामाला माहीत होतं, चौकशीवाल्यांनाच तेवढं सापडेना. एका वर्षी त्यांच्या फुटबॉल टीममधले नऊ जण पोहण्याच्या विषयात पहिल्या वर्गात पास झाले. त्या कॉलेजात पोहायचा तलाव नाही. अशा लोकांशी आम्ही टॅल्मन विद्यापीठवाले तीन पिढ्या सरळपणे खेळतोय आणि निम्म्या वेळा हरतोय. माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

आमच्या रस्त्यावर कोर्बेटच्या सामन्याआधी आठवडाभर प्रत्येक घराच्या व्हरांड्यावर एक जुनी चादर टांगतात आणि तिच्यावर कोर्बेटला चार शब्द सुनावतात. मी धंद्याने पाट्या रंगवणारा. त्यामुळे मजकूर आणि अक्षर दोन्ही माझं, चादर ज्याची त्याची. मी पाट्यांचा खरा रंग वापरतो. हॉलिस टॅडलॉकचा रंग पावसात उतरत नाही आणि उन्हात विटत नाही, हे मी तीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आलोय.

यंदा सामना शनिवारी होता आणि सोमवारी सकाळी पेपरात बातमी आली. टॅल्मनच्या खेळाडूंचे निबंध आणि गृहपाठ दुसरेच लोक लिहून देतात, अशी तक्रार विद्यापीठातल्याच एका कर्मचाऱ्याने लेखी केली होती. नाव छापलं नव्हतं. चौकशी संपेपर्यंत जार्विस कोल्सन खेळणार नाही, एवढं मात्र ठळक छापलं होतं. सव्वीस नंबरचा जार्विस चेंडू काखेत घेऊन पळायला लागला की मी खुर्चीत बसू शकत नाही. त्याच्या नंबराचा शर्ट मी ऑगस्टपासून अंगात घालतोय आणि माझी बायको रूथ-ॲन तो धुवायला मागून मागून थकली आहे.

माझं डोकं फिरलं. कोर्बेटने पंचवीस वर्षं चोरी केली आणि सामन्याच्या पाच दिवस आधी पकडलं कुणाला, तर आम्हाला. हे काम नक्की कोर्बेटने पेरलेल्या माणसाचं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आमची डेलिया टॅल्मनलाच नोकरीला. मुलांना इंग्रजी लिहायला शिकवण्याच्या खात्यात. मी तिला लगेच फोन लावला.

"कोण आहे गं तो?"

"कोण, डॅडी?"

"चुगली करणारा. तुमच्यातलाच कुणीतरी असणार. नाव कळलं की मला सांग, चादरीवर घालतो."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "बुधवारी घरी येतेय. तेव्हा बोलू." मला वाटलं, शेजारी कुणीतरी उभं असेल.

यंदा मी कोर्बेटला काही लिहिलंच नाही. समोरच्या कॉय बीझलीला मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला. कॉय माझा तीस वर्षांचा दोस्त. मैदानातल्या आमच्या खुर्च्यासुद्धा शेजारी शेजारी. "हॉलिस, हेच सगळ्यांना दे," तो म्हणाला. मंगळवारी दिवसभर गॅरेजमध्ये उभा राहून मी चौदा चादरी रंगवल्या, तेरा शेजाऱ्यांच्या आणि एक आमची. प्रत्येकीवर एकच मजकूर, हातभर उंच निळ्या अक्षरात: "चुगलखोरा, सामान बांध. कोर्बेटला जा." आमच्या घरची चादर मी माळ्यावरून काढली. पिवळी, कडेला बारीक फुलं असलेली. हाताला आली ती घेतली.

बुधवारी दुपारी डेलियाची गाडी रस्त्याच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. मी व्हरांड्यात मक्याचे पाव कुस्करत बसलो होतो, दुसऱ्या दिवशीच्या टर्कीच्या सारणासाठी. मग गाडी अगदी हळूहळू पुढे आली. ती एकेक घर वाचत येत होती. आमच्या दारात उतरून ती चादरीसमोर उभी राहिली आणि तिने तिचा काठ हातात घेतला.

"ही माझ्या पलंगावरची," ती म्हणाली.

"असेल. जुनीच होती."

"डॅडी, ती तक्रार मी केली आहे."

मी हसलो. असली थट्टा करायची तिला लहानपणापासून सवय. मग तिचं तोंड पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

पुढे मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. कोर्बेटने तुला काय कबूल केलं, असं विचारलं. आजोबांची खुर्ची मैदानात अजून आहे, त्यांना काय वाटलं असतं, असंही विचारलं. रूथ-ॲन स्वयंपाकघरातून धावत आली. डेलिया रडली नाही. माझं ओरडून होईपर्यंत ती उभी राहिली.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. तुमच्या पाठीवर ज्याचा नंबर आहे ना, त्याला स्वतःचं नाव सोडून फार काही वाचता येत नाही."

"काहीतरीच काय सांगतेस. तो दुसऱ्या वर्षाला आहे."

"हो. दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याचे अकरा निबंध माझ्या टेबलावरून गेलेत. सप्टेंबरात तो माझ्याकडे आला आणि दार लावून म्हणाला, मॅडम, मला वाचायला शिकवा, आईची पत्रं मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात. मी आमच्या खात्याच्या साहेबांना सांगितलं, रोज एक तास द्या. ते म्हणाले, तो तास सरावाचा आहे, तुम्ही निबंध लिहून मोकळ्या व्हा. गुडघा गेला की त्याला घरी पाठवतील, डॅडी. तेव्हा हातात काय असेल त्याच्या? हा शर्ट?"

मी म्हणालो, "मग सामना झाल्यावर सांगायचंस. पुढच्या सोमवारपर्यंत तरी थांबायचंस."

हे मी खरंच बोललो. त्याची लाज मला आजही वाटते.

"मी ऑक्टोबरात सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी दाबून ठेवलं. आणि हे मी शिकले कुठे ते विसरलात? कोर्बेटच्या ऑफिसातल्या त्या बाईंनी खोट्या मार्कांची यादी बाहेर दिली, तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी चादर रंगवली होती. मी बारा वर्षांची होते. ब्रश मी धुतले. मी विचारलं, त्या बाईंना नोकरीवरून काढलं तर? तुम्ही म्हणालात, खरं बोलणाऱ्या माणसाच्या मागे सगळा गाव उभा राहतो."

ते मी म्हणालो होतो, आणि छाती काढून म्हणालो होतो.

तिने बॅग गाडीतून काढलीच नव्हती. "मी मावशीकडे राहते," ती म्हणाली. "या चादरीखालून मला घरात येता यायचं नाही." गाडी वळवून ती गेली. जाताना तिला पुन्हा ती तेरा घरं वाचत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण. टेबलावर टर्की होती, पेकनची गोड पाई होती आणि आम्ही दोघं होतो. रूथ-ॲनने माझ्या ताटात वाढलं आणि स्वतःचं ताट उचलून आत गेली. मला सगळ्यांचा राग आला होता. टॅल्मनच्या कोचचा, त्या साहेबाचा, पेपरवाल्यांचा. कोर्बेटचा तर होताच. पण या सगळ्यांवर किती ओरडलं तरी व्हरांड्यातलं अक्षर त्यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

मी जुनी चादर टाकून देत नाही. शुक्रवारी गॅरेजमधलं खोकं उपसलं तेव्हा ती सापडली: "कोर्बेटच्या बाई, तुमचे फार उपकार आहेत." पंधरा वर्षांत रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. "कोर्बेटच्या" या शब्दावर मी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, वाळू दिलं आणि वर निळ्या अक्षरात लिहिलं, "टॅल्मनच्या." पिवळी चादर उतरवून ही टांगली आणि डेलियाला फोन केला. एवढंच म्हणालो, "ये आणि बघ."

ती आली तेव्हा कॉय रस्ता ओलांडून आमच्या अंगणात पोचलाच होता.

"हॉलिस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ही कसली चादर?"

मी तोंड उघडायच्या आत डेलिया गाडीतून उतरली. "ती मी आहे, मिस्टर कॉय. तक्रार मी केली."

कॉयने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या पोरीला त्याने सायकल शिकवली होती. "मी बेचाळीस वर्षं या टीमसाठी घसा फोडतोय," तो मला म्हणाला, तिला नाही. "आणि घरभेदी तुझ्या घरात." तो परत गेला आणि त्याने खिडकीचे पडदे ओढून घेतले.

डेलियाने बॅग काढली आणि ती घरात आली.

शनिवारी सकाळी मी शिडी खांद्यावर घेऊन निघालो. तक्रार कुणाची हे तोवर कॉयकडून अख्ख्या रस्त्याला कळलं होतं. प्रत्येक दारात एकच वाक्य बोललो, "चादर तुमची, पण अक्षर माझं आहे, ते मला परत हवंय." म्हाताऱ्या मिसेस लॅशली म्हणाल्या, "आपली डेलियाच ना? चर्चच्या संडे स्कूलला माझ्याच वर्गात होती," आणि स्वतः गाठी सोडायला लागल्या. काहींनी तोंडं वाकडी केली आणि चादर दिली. तिघांनी ती माझ्या अंगावर फेकली. एकाने सांगितलं की सामना हरलो तर ते माझ्या पोरीच्या डोक्यावर. दुपारपर्यंत माझ्याकडे बारा चादरी झाल्या. सामना आम्ही एकतीस गुणांनी हरलो. मी गेलो नाही. पहिल्यांदाच.

कॉयने दार उघडलं नाही. मी तीनदा गेलो.

डिसेंबरात टॅल्मनने डेलियाला पत्र पाठवलं, पुढच्या सत्रात तुमची गरज नाही. ती जार्विसला रोज संध्याकाळी फोनवर वाचायला शिकवते. त्याचा गुडघा शाबूत आहे, पण कोचने त्याला अजून मैदानात घेतलेलं नाही. ख्रिसमसला ती घरी आली. सकाळी कॉफी घेऊन व्हरांड्यात बसली. समोरच कॉयचं घर, चादर अजून तशीच टांगलेली.

"तुझी खुर्ची फिरवू का?" मी विचारलं.

"राहू दे, डॅडी," ती म्हणाली.

महिनाभर पाऊस लागून राहिला होता. कॉयच्या व्हरांड्याचं लाकूड फुगलंय, झेंडा विटून फिका पडलाय. त्याच्या चादरीवरचं माझं एकही अक्षर फुटलेलं नाही. रस्त्याच्या टोकावरूनही वाचता येतं.