पाय टेकला की एक

गाडीला सीट नव्हती. टेम्पोतून ती अंगणात उतरली तेव्हा सगळ्यात आधी हे माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "वाटंत पडली का रं शीट? माघारी जाऊन बघ की. अजून कुनी उचलली नसंल."

टेम्पोवाल्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. हरेश दोरी सोडण्यात फार गुंतल्यासारखा खाली वाकला होता.

"आई, हिला शीट नसतेच. ही उभ्यानं चालवायची."

"उभ्यानं कुठंवर जानार? शापूरपर्यंत?"

"ही रस्त्यावर न्यायची नसते."

सासूबाईंनी सूप उचललं. "बसायची नाय, रस्त्यावर न्यायची नाय. मंग गोठ्यात बांध," असं म्हणून त्या आत गेल्या. आणि खरंच गाडी त्या दिवसापासून गोठ्यात, म्हशीच्या शेजारी राहायला लागली.

मी काजल. उंबरवाडीच्या अंगणवाडीत सेविका आहे. हरेश आटगावच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर. त्याला लहानपणापासून वेगाचं वेड. आधीच्या मोटारसायकलवरून पडून त्याचा डावा हात दोनदा मोडला होता, दुसऱ्यांदा तर आमच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी माणसाला घराएवढ्या दगडावर गाडी चढवताना बघून "मला बी असली पायजे" असं तो म्हणाला, तेव्हा मी जेवायचं ताट बाजूला सारलं होतं.

"पन हिच्यावर मानूस चालन्यापेक्षा हळू जातो," तो म्हणाला. "ह्यात रेस नसते. दगडांतून, पान्यातून गाडी काढायची. पाय टेकला की एक मार्क. पडली, मागं गेली, कुनी हात लावला की पाच. ज्याचे मार्क कमी तो जिंकला."

चालण्यापेक्षा हळू. हे ऐकून मी हो म्हणाले. दगड म्हणाल तर आमच्या गावामागच्या नदीत पडलेच होते. आजवर त्यांच्यावर आम्ही फक्त कपडे आपटले होते.

गाडी बघायला आम्ही तिघं पुण्याला गेलो. मी, हरेश आणि प्रणय. प्रणय हरेशचा मित्र, त्याचं शहापूरला गॅरेज आहे. पहिली गाडी लालभडक, उंच, अंगभर स्टिकर. हरेश बघताक्षणी पाघळला. मालक म्हणाला, आडवी करून उचलून बघा. हरेशने आडवी केली. मग तो आणि प्रणय दोघं मिळून ती उभी करत होते तेव्हा मी मालकाच्या बायकोशी भाताच्या भावाबद्दल बोलून घेतलं. गाडी उभी राहिली तेव्हा प्रणयने कपाळ पुसत एवढंच म्हटलं, "नदीत हिच्यासंगं क्रेन बी न्यावी लागंल."

दुसरी गाडी देवस्थळे मॅडमची. मॅडम साठीच्या पुढच्या, केस पांढरे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी विकायची. त्यांनी गाडी दाखवलीच नाही. आधी हरेशला समोर बसवलं.

"कुठे चालवणार?"

"नदीत."

"टायरमध्ये हवा किती ठेवणार?"

हरेश बारा वर्षं फिटरचं काम केलेला. तो ऐटीत म्हणाला, "मागं पस्तीस, पुढं अठ्ठावीस."

मॅडम उठल्या. "चहा घ्या आणि निघा," म्हणाल्या.

प्रणय खरंच उठायला लागला. मी म्हटलं, "मॅडम, ह्यांना काय येत असतं तर मोबाईलवर बघत बसले असते का? शिकवनारं मानूस नाय म्हनून तर इथवर आलो."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा बसल्या. "मागे पाच, पुढे सहा. टायर दगडावर भाकरीसारखा थापला गेला पाहिजे. टणक ठेवलात तर चेंडूसारखे उडाल."

मग त्यांनी गाडी बाहेर काढली. पांढरी, बारीक, एखाद्या नाकतोड्यासारखी. मी एका हाताने तिचं मागचं चाक उचललं. मग मॅडमनी इंजिन बंद ठेवून हरेशला तिच्यावर नुसतं उभं राहायला सांगितलं. दहा मोजेपर्यंत. तीनला तो मॅडमच्या कुंड्यांत गेला.

"घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "पडताना गाडी सोडली नाही. माणूस बरा आहे." आणि एक कागद लिहून माझ्याकडे दिला. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, चेन कधी सैल कधी ताठ, क्लचवर एकच बोट, आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, दर वेळी एअर फिल्टरचा स्पंज धुवायचा.

त्या स्पंजानेच पहिला घोळ केला. हरेशने तो साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातला आणि कारखान्यात गेला. संध्याकाळी आला तर दोरी मोकळी. सासूबाई मोरीत बसून त्याच स्पंजाने टोप घासत होत्या.

"चांगला हाय गो हा," त्या मला म्हणाल्या. "कुठं मिळतो?"

हवेचं तर त्याहून अवघड झालं. एवढी कमी हवा बघून येणारा जाणारा "पंक्चर हाय, पंक्चर हाय" म्हणून सांगायचा. आमच्या शेजारच्या ज्ञानेश्वर भाऊजींना ते बघवेना. हरेश ड्यूटीवर असताना त्यांनी घरून पंप आणला आणि भर उन्हात घाम गाळून दोन्ही टायर टणक भरून ठेवले. वर हरेशला सांगितलंही नाही. दिसलेलं काम करावं आणि गप्प बसावं, असा त्यांचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी हरेश पहिल्याच दगडावर चढला आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसाच चेंडूसारखा डोहात गेला.

सरावाला मी रोज काठावर बसायचे आणि पाय किती वेळा टेकला ते मोजायचे. पहिल्या दिवशी या काठापासून त्या काठापर्यंत एक्केचाळीस वेळा. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. घाईचा माणूस. गाडी जरा डुगडुगली की हा पाय बाहेर काढून वल्ह्यासारखा मारायचा.

खालच्या अंगाला पलीकडच्या कातकरवाडीतले चंदरदादा खेकडे धरायला यायचे. चार दिवस त्यांनी हा तमाशा मुकाट्याने बघितला. पाचव्या दिवशी जवळ आले.

"तू दगडाला इचारत नायस," ते हरेशला म्हणाले.

"काय इचारायचं?"

"हलतोस का, म्हनून."

आणि ते अनवाणी पायांनी दगडादगडांवरून चालत सुटले. अंगठ्याने दाबायचे आणि सांगायचे, हा पक्का, हा खाली पोकळ, ह्याला शेवाळ, हा दिसतो वाकडा पण बसलाय घट्ट. हरेश त्यांच्या मागून, हेल्मेट काखेत, बूट हातात. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी तो अख्खी वाट पायांनी चालायला लागला. एक्केचाळीसचे एकोणीस झाले. दिवाळीनंतर सात. एका संध्याकाळी तर तो एका दगडावर दोन्ही पाय वर ठेवून नुसता उभा राहिला. मी साठपर्यंत मोजलं आणि थांबले. लग्नाच्या सहा वर्षांत त्याला इतका वेळ एका जागी मी पहिल्यांदा बघत होते.

माझे सासरे, पंढरी बाबा, मात्र त्या गाडीकडे बघायचे नाहीत. म्हशीला वैरण टाकताना गाडीला वळसा घालून जायचे. रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "पडला का?" पडलो म्हटलं की हुं. नाही म्हटलं तरी हुं.

जानेवारीत मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात एका क्लबने स्पर्धा ठेवली. चौदा जण, सहा टप्पे. हरेशने नाव दिलं. गावात बातमी पसरली ती अशी की हरेश रेसला उतरतोय. दोन टेम्पो भरून माणसं निघाली. ढोलकी घेतली. ज्ञानेश्वर भाऊजींनी शिट्टी घेतली. बाबा म्हणाले, "मला काम हाय," आणि सगळ्यात आधी टेम्पोत जाऊन बसले.

पहिल्या टप्प्यात हरेश हळूच ओढ्यात उतरला, एका दगडावर चढला आणि थांबला. पुढची वाट बघत, गाडी तोलत, उभा. ढोलकी बंद पडली.

"बंद पडली काय?" कुणीतरी विचारलं.

"हरेश, हल की रं!"

"धक्का देऊ काय?"

पंच म्हणून एक मुलगी होती, गळ्यात शिट्टी, हातात पॅड. तिने हात जोडून सगळ्यांना गप्प केलं. त्यानंतर नाशिकचा एक जण आला. तोही दगडावर जाऊन थांबला. तेव्हा कुठे आमच्या लोकांच्या जिवात जीव आला. "ह्याची बी बंद पडली!"

पुढचा गोंधळ मार्कांच्या फळ्यावरून झाला. चार टप्प्यांनंतर हरेशचे नऊ मार्क होते, एका पोराचे बावीस. ज्ञानेश्वर भाऊजींचा चेहरा उतरला. "बावीस कुठं, नऊ कुठं. अभ्यास कमी पडला." मी सांगायला गेले की कमी तेच चांगले. कुणी ऐकेना. मार्क कमी असलेले चांगले, हे आमच्या गावात कुणाच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. मग हरेशने चुकून पाय टेकला की टाळ्या पडायला लागल्या. "टेक, अजून एक टेक!"

पाचव्या टप्प्यात म्हशीच्या पाठीएवढा उंच दगड होता, ओला, पलीकडे खाच. हरेश चढला. माथ्यावर पोचला आणि तिथे मागच्या चाकावर उभा राहिला, पुढचं चाक हवेत. गाडी इंच इंच खाचेकडे सरकायला लागली. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मी पण मोजायचं विसरले.

बाबा लांब एका झाडाखाली पाठ करून बसले होते. ते कधी वळले आणि कधी धावले हे कुणालाच कळलं नाही. टप्प्याच्या हद्दीला बांधलेली पट्टी ओलांडून, गुडघाभर पाण्यातून ते थेट दगडापाशी गेले आणि त्यांनी गाडीचं मागचं चाक दोन्ही हातांनी कवटाळलं.

"सोड! मी धरलाय! तू उतर!"

"बाबा, सोडा! मी पडत नव्हतो!"

"पडत व्हतास!"

"बॅलन्स करत होतो!"

"मला शिकवतो काय? चालायला मी शिकवलाय तुला. पडायच्या आधी तू असाच दिसतोस!"

पंच मुलीने शिट्टी मारली आणि हाताची पाच बोटं वर केली.

गावाने एकच जल्लोष केला. एका फटक्यात पाच! ज्ञानेश्वर भाऊजींनी बाबांना पाण्यातून जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. ढोलकी सुरू झाली. बाबा ओलेचिंब, एक चप्पल ओढ्यात वाहून गेलेली. लाजून म्हणत होते, "मी काय केलं? नुसतं धरलं."

हरेश मात्र एका बाजूला हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिसऱ्या नंबरवर होता तो. मला भीती वाटली की आता हा बाबांना सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार. बाबांनीही त्याचा चेहरा पाहिला. ते हळूच माझ्याकडे आले.

"काजल, खरं सांग. पाच चांगले का वाईट?"

"वाईट, बाबा. सगळ्यात वाईट. गाडीला दुसऱ्यानं हात लावला म्हनून दिलेत."

बाबा थोडा वेळ ढोलकीकडे बघत राहिले. मग एका चपलेनिशी तसेच पंचाकडे गेले. मीही मागोमाग.

"बाय," ते म्हणाले, "हे पाच माझ्या नावावर लिव. पोरानं पाय टेकला नाय. मी टेकला. दोन्ही टेकले."

"काका, तुम्ही स्पर्धेत नाही आहात."

"मंग घाल नाव. पंढरी. पंढरी गोविंद."

"तसं करता येत नाही, काका."

"का? वयाची अट हाय?"

मुलीने घाईघाईने नियमांचं पुस्तक उघडलं. ती इतकी मनापासून पानं चाळत होती की बाबा तिला धीर द्यायला लागले. "बघ, बघ. सावकाश बघ. मला घाई नाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हरेश होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पोट धरून हसत खाली बसला. "बाबा, राहू द्या," म्हणाला. "पाच माझेच. आपलेच."

सहावा टप्पा त्याने चालत पाहिला तेव्हा बूट काढून, अंगठ्याने दगड दाबत पाहिला. मग गाडीवर चढला. खांदे मोकळे, क्लचवर एक बोट. पाण्यातून वर आला, तिरप्या कातळावर थांबला, वळला, उतरला, बाहेर निघाला. पाय एकदाही खाली आला नाही. पंचाने मूठ मिटून वर धरली. शून्य.

आमच्या गावावर शोककळा पसरली. "एक पन नाय?" भाऊजी पुटपुटले. त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता, एका पायात चप्पल घालून, अगदी पुढे जाऊन, जोरजोरात. पंच मुलीने पॅड काखेत धरलं आणि तीही वाजवायला लागली.

चौदांत सहावा आला हरेश. येताना मुरबाडला वडापावसाठी टेम्पो थांबले. मी चहा घेऊन गेले तर बापलेक एकाच बाकड्यावर बसले होते. बाबांनी टेबलावर मिठाची बाटली, पाण्याचा ग्लास आणि तळलेली मिरची मांडून ओढा तयार केला होता.

"तू हितून गेलास," ते ग्लासाकडे बोट दाखवत सांगत होते. "हितं तुझं चुकलं. ह्या मिरचीच्या डाव्या अंगानं जायाला पायजे होतं."

"तिथं शेवाळ होतं, बाबा."

"नव्हतं. मी पान्यात उतारलो व्हतो. मला ठावं हाय."

हरेशने मिरची जरा डावीकडे सरकवली आणि दोघं पुन्हा वाकून बघायला लागले.