मुकी काळी तीन

"दाबा ना आप्पा, एकदा दाबून तर बघा!" रेश्मानं पेटी वडिलांच्या पुढ्यात सरकवली.

आदिनाथरावांनी काळी तीन दाबली. सेहेचाळीस वर्षं मुकी असलेली ती पट्टी खणखणीत बोलली. रेश्मानं टाळ्या पिटल्या. पेटी दुरुस्त करणारा फैयाज सावेडीतल्या त्या फ्लॅटच्या दारातच उभा होता. "सूरच नवा टाकलाय सर. आता कायमची चिंता मिटली."

"वा," म्हणून आदिनाथराव पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. संध्याकाळच्या सत्कारासाठी लेकीनं एवढ्या हौसेनं केलेलं, तिला काय बोलणार?

कोपरगावच्या प्रयोगाला जाताना ही पेटी टेम्पोतून आदळली होती. एक सूर गेला, पडदा उघडायला चार तास, आणि नायिकेच्या गाण्याला अजून चाल नव्हती. आदिनाथरावांनी रागारागानं तो सूर वगळूनच चाल बांधली. ओळीच्या ऐन मध्यात भगदाड पडलं. नुकतंच लग्न होऊन आलेली त्यांची बायको मनकर्णा डाव्या हाताला बसून ऐकत होती. भगदाड आलं की ती पेटीच्या लाकडावर बांगडी आपटायची. टक!

"तिथं लई मोकळं मोकळं वाटतंय, म्हनून," ती लाजत म्हणाली होती.

त्या चालीनं नवऱ्याचं नशीब उघडलं. नाटकावरून चित्रपट निघाला, पुढं मालिका आली, तिचं शीर्षकगीतही तेच. नंतर आदिनाथरावांनी ढिगानं चाली दिल्या, काही तर त्यांना स्वतःला जास्त आवडायच्या. पण लोक ओळखायचे ते त्या एका गाण्यानं. मुंबईच्या स्टुडिओत वादकांनी त्या जागी लाकडी ठोकळा वाजवून पाहिला, मंजिरी वाजवून पाहिली. बांगडीची सर येईना. शेवटी मनकर्णाबाईंनाच माइकपुढं बसवलं, एका टकसाठी! माहेरी घोडेगावला जाऊन त्या सांगत सुटल्या, "आमी बी पिच्चरमंदी हाय. नीट कान देऊन ऐका."

दोघंच असताना आदिनाथरावांनी पेटीच्या दुरुस्तीचं नाव काढलं की बाई डोळे वटारायच्या. "ऱ्हाऊ द्या तशीच. माजी जागा हाय ती."

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांची तेवढी एक जागा पेटीत उरली होती, ती आज बुजली. आदिनाथरावांना लेकीचा राग आला नाही. आपणच तिला हे कधी सांगितलं नाही, याचं मात्र फार वाईट वाटलं. निघण्यापूर्वी त्यांनी ते तिला सांगून टाकलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "फैयाजला सांगून पुन्हा काढू का तो सूर?" "नको, असू दे," ते म्हणाले.

संध्याकाळी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग सगळ्या सभागृहानं तेच गाणं मागितलं. आवाज थकला होता, पण बोटं शाबूत होती. ओळीचा मध्य आला. बोट काळ्या तीनवर गेलं, टेकलं, आणि न दाबताच उचललं गेलं. आदिनाथरावांची मान किंचित डावीकडं वळली.

मागच्या रांगेतली बाई कुजबुजली, "विसरले वाटतं."

रेश्मानं मागं वळून सांगितलं, "विसरले नाहीत. आईसाठी थांबलेत."

टक वाजायला लागतो तेवढा वेळ आदिनाथरावांनी जाऊ दिला, आणि मग पुढची ओळ उचलली.