ओढ्यापलीकडचा थेंब

नीलम्मानं अंगणात सडा टाकून नुकती पाठ वळवली होती, तेवढ्यात मन्मथनं गाडी आणून बरोबर त्या ओल्या सड्यावर उभी केली. गाडी थांबली तशी खालून काळं तेल टिपकायला लागलं. नीलम्मा हातातल्या खराट्यासकट मागं फिरली.

"आरं, त्या गाडीला लंगोट तरी बांध. जिथं उभी करावी तिथं मुतून ठेवती."

एरवी आईच्या अशा बोलण्यावर मन्मथ गाडीच्या टपावर थाप मारून हसला असता. आज हसला नाही. वसरीवर बसलेले त्याचे वडील विरूपाक्षप्पा, तेही हसले नाहीत. ते उठले, काठी टेकत गाडीपाशी आले, खाली वाकले. एका बोटावर तेल घेतलं, अंगठ्यानं चोळून बघितलं, आणि मान वर करून गाडी ज्या रस्त्यानं आली होती त्या रस्त्याकडं बघत राहिले. मग बोट धोतराला पुसून घरात गेले. 

माझं घर समोरच. मी ओट्यावर दात घासत होतो. तिथून मला मन्मथच्या तोंडाचा रंग दिसला. पोरगं पार पांढरं पडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, भाड्यानं धावणारी डिझेलची जुनी गाडी, थोडं तेल गळायचंच, त्यात पांढरं पडण्यासारखं काय? तर ते सांगतो.

मन्मथची धाकटी बहीण राजकन्या. तिनं गावातल्याच बालाजीशी आपल्या मनानं लग्न लावलं आणि ओढ्यापलीकडं नांदायला गेली. विरूपाक्षप्पांनी जित्या पोरीच्या नावानं अंघोळ केली आणि पारावर चार माणसांत सांगितलं, ह्या घरातलं जे पाऊल ओढ्यापलीकडं जाईल, ते परत ह्या उंबऱ्यात येणार नाही. बाकीच्यांचा शब्द आणि अप्पांचा शब्द ह्यात फरक आहे. अप्पा एकदा बैलावर रुसले होते, तर त्याच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच. शेवटी बैलानंच वैरण सोडली, तेव्हा कुठं त्याला "हो" म्हणाले.

राजकन्याला आता दिवस भरत आले होते. बीपी चढायचा, पाय सुजून खांबागत व्हायचे. देगलूरच्या डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, हप्त्याच्या हप्त्याला दाखवायला यायचं, आणि डोकं दुखलं की वार बघायचा नाही, तडक निघायचं. बालाजी हैद्राबादला कामाला. एसटी ओढ्यापलीकडं जात नाही. मग तिला नेणार कोण? मन्मथ भाड्याच्या नावाखाली ओढा उतरायचा, बहिणीला मागच्या सीटवर आडवी करायचा आणि देगलूरला दाखवून आणायचा. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं, कारण मला सगळंच माहीत असतं.

आणि नेमकी तेव्हाच गाडी गळायला लागली.

गळणं म्हणजे किती? त्या गाडीखाली एकदा घोरपड सावलीला झोपली. उठली ती अशी काळी होऊन, की खालच्या आळीच्या गुणाबाईनं नागोबा समजून तिला दुधाची वाटी ठेवली. हे तुम्ही खरं धरलं नाही तरी चालंल. पण पुढचं खरं धराच. गाडी पळत असली की तेल कुठं उडायचं ते कळायचं नाही, थांबली की मात्र थारोळं. आमच्या काळ्या रानात ते पडलं असतं तर कुणाच्या बापाला दिसलं नसतं. पण ओढ्यापलीकडचा रस्ता पांढऱ्या मुरमाचा, आणि राजकन्या जड अंगाची, तिला उतरायला वेळ लागायचा. तिच्या दारासमोर ते थारोळं असं दिसायचं, जसं कुणी बोट दाखवून सांगतंय की मन्मथ इथं येतो.

एक गोष्ट बरी होती. दुसऱ्या दिवशी त्या डागावर राख टाकलेली असायची. मन्मथ म्हणायचा, राजी हुशार हाय, झाकून टाकती. मीही तिचं कौतुक केलं.

तालुक्याच्या एका मिस्तरीकडं मन्मथ चकरा मारून आला. त्यानं खालच्या चेंबरची पॅकिंग बदलली. तेल गळतच राहिलं. मग वरच्या झाकणाची पॅकिंग बदलली. तरी गळतच राहिलं. शेवटी मिस्तरी म्हणाला, इंजन उतरावं लागंल, गाडी सोडून जा. पण राजकन्याचे दिवस असे तोंडावर आलेले, गाडी सोडून जावी कशी?

त्यात एक दिवस झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला मी रानाकडं निघालो होतो. ओढ्याच्या फरशीपुलावर विरूपाक्षप्पा उभे. अलीकडच्या काठाला. नजर पलीकडं, बरोबर राजकन्याच्या घराच्या दिशेनं. माझी चाहूल लागली तसे माघारी फिरले आणि माझ्या अंगावरून गेले, ते रामराम न घेता.

मन्मथला सांगितलं तर त्यानं गाडीची किल्लीच माझ्यापुढं ठेवली.

"काका, अप्पा माग काढून राहिलेत. आता जाणं बंद करू का?"

"राजीला कोण न्हेणार मग? मी खांद्यावर न्हेऊ?"

"मग काय करू?"

"तू जाणं बंद करू नको. आपण तेल बंद करू."

गाडी माझ्या गोठ्यात घेतली. मी मिस्तरी नव्हे, पण उभी हयात विहिरीवरच्या डिझेल इंजनांसंगं काढली आहे, आणि इंजनं सगळी एकाच जातीची खोटारडी. तेल जिथं टिपकतं तिथून ते निघत नसतं. निघतं वर कुठंतरी, वाऱ्यानं मागं सरकतं, खालच्या पत्र्यावर साचतं आणि मग भलत्याच ठिकाणी गळतं. मिस्तरी डाग बघून पॅकिंग बदलत बसला होता. मन्मथनं डिझेल आणि ब्रश घेऊन इंजन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. आता त्यावर काहीतरी पांढरं, भुरभुरीत टाकायला पाहिजे होतं, म्हणजे तेल कुठून निघतं ते रेघेवरून कळलं असतं.

पीठ आणू का, म्हणाला. म्हटलं, पीठ करपंल आणि शेजारीपाजारी जेवायला येतील. पावडर हाय का कुठली?

मन्मथ जरा घुटमळला. मग गाडीच्या खणातून एक डबा काढला. बाळाच्या पावडरीचा. वर हसऱ्या बाळाचं चित्र.

"राजीच्या लेकरासाठी आणलाय. द्यायचा ऱ्हाऊन गेला."

"त्या लेकराचंच काम हाय. टाक."

इंजन पांढरंफेक केलं आणि चालू केलं. दोघं बॉनेटवर वाकून बसलो. कुठं काही नाही. थंड इंजन गळत नव्हतं. उन्हाची काहिली, वर पत्रे तापलेले, गोठ्यात शेणाच्या वासात बाळाचा वास मिसळलेला, आणि आम्ही घाम पुसत गरम व्हायची वाट बघत बसलो. राजकन्याला त्याच दिवशी दुपारून न्यायचं होतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला.

विरूपाक्षप्पा गोठ्याच्या दारात उभे. मन्मथनं डबा लपवायला हात पुढं केला, पण तोवर अप्पांची नजर त्यावर पडली होती. ते आत आले. नाकानं वास घेतला. डबा उचलला, चष्मा नसल्यामुळं हात लांब करून धरला. बाळाचं चित्र बघितलं. कानाशी नेऊन हलवला, किती उरली ते ऐकलं. मन्मथचा हात रेसच्या तारेवर होता, तो नकळत दाबला गेला आणि इंजन केवढ्यांदा तरी ओरडायला लागलं.

"भुजंगा, ह्ये इंजनाला लावतेत व्हय?"

माझी जीभ अशा वेळी मला विचारत नाही.

"लावतेत तर. हैद्राबादेत समद्या मोटारीला ह्येच लावतेत. उन्हाळ्यात इंजनाला घामोळ्या येतेत, अप्पा."

अप्पा हसले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. ते इंजनावर वाकले. आता डबा खाली ठेवतील आणि मन्मथला म्हणतील, चालता हो. मी मनात शब्दसुद्धा तयार ठेवले होते, पोराच्या बाजूनं काय बोलायचं ते. मन्मथनं तर डोळेच मिटले होते.

"त्ये बघ," अप्पा म्हणाले आणि काठीचं टोक पुढं केलं.

डायनामाच्या मागं, पांढऱ्या पावडरीवर, मुंगीच्या वाटेएवढी काळी रेघ उतरत होती. इंजन गरम झालं होतं. आमच्या चार डोळ्यांना जे दिसलं नाही ते त्यांनी चष्म्याविना हेरलं.

"सापडलं न्हवं? आता बंद करा." डबा होता तिथं ठेवला. दारातून जाताना थांबले. "आज कुणाचं भाडं हाय?"

मन्मथनं रेसची तार सोडली. "हाय एक," म्हणाला कसाबसा.

"हं," अप्पा म्हणाले आणि गेले.

त्या "हं"चा अर्थ लावत आम्ही इंजन बंद केलं. मग कामाला लागलो. डायनामाच्या पाठीला ब्रेकसाठीचा पंप असतो, त्यातून तेल माघारी नेणारी एक रबरी नळी. तिचं टोक क्लिपाखाली कडक होऊन चिरलं होतं. थंड असताना चीर मिटायची, तापली की उघडायची. इंजन निवू दिलं, विळ्यानं चिरलेलं टोक कापलं, नळीला ढील होती ती पुढं सरकवून बसवली आणि माझ्या फवारणीच्या पंपाची क्लिप काढून वर आवळली. परत पावडर, परत इंजन तापवलं. पांढरं ते पांढरंच राहिलं.

दुपारी राजकन्या देगलूरला जाऊन आली. तिच्या दारात थेंब पडला नाही. पुढच्या वारीही पडला नाही. मन्मथ गाडीखाली पेपर अंथरायचा आणि सकाळी तो कोरडा पेपर मला आणून दाखवायचा.

पण घरात काहीतरी शिजत होतं. नीलम्मा माझ्या ओट्याशी येऊन सांगायची, अप्पा अर्धी भाकर ताटात ठेवून उठतेत, कुणावर राग हाय कळंना. झुंजुमुंजू झालं की ओढ्याकडं जायचे आणि येताना तोंड कडूजहर करून यायचे. मन्मथला वाटलं, वादळ येणार. पुरावा नसला तरी अप्पांना मालूम झालंय, आता एक दिवस उंबऱ्याबाहेर काढणार. त्यानं दोन कापडं पिशवीत भरून गाडीच्या डिक्कीत ठेवून दिली. मी म्हटलं, माझा गोठा हाय. पण मलाही रात्रीचं अन्न गोड लागत नव्हतं.

मग एके सकाळी अप्पाच माझ्याकडं आले. बाजेवर बसले. तुरीचं बोलले, उन्हाचं बोलले, माझ्या म्हशीच्या शिंगाचं बोलले. अप्पा म्हशीच्या शिंगाचं बोलतात म्हणजे मनात दुसरंच काहीतरी आहे, हे मी ओळखलं आणि गप्प बसलो.

"मन्मथनं जाणं सोडलं का?"

"कुठं?"

"येड पांघरू नको, भुजंगा. ओढ्यापलीकडं थेंब न्हाई. दवाखान्याचा वार आला आन् गेला, थेंब न्हाई. पोरीच्या पायाला सूज हाय म्हणं."

 मग डोक्यात आलं ते एकदम आलं. राजकन्याच्या घरी गॅस. तिच्याकडं राख येणार कुठून? आणि समोरच्या ह्या घरात तर रोज सकाळी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो.

"राख तुमची व्हती, अप्पा?"

ते पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले.

"गावाला दिसाया नको म्हणून टाकत व्हतो."

"म्हंजे तुमचं पाऊल पलीकडं..."

"रस्त्यावर व्हतं. तिच्या उंबऱ्याला लागलं न्हाई."

मी सांगितलं, गाडी जाऊन राहिली. वारच्या वारी जाती. सूज हाय, पण डॉक्टरीण बाई म्हणली, फिकीर करू नका. तेल तेवढं बंद झालं, आणि कुठून गळतंय ते तर तुमीच काठीनं दावलं.

अप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली. 

"मग मला कळावं कसं?"

मी आयुष्यात कुणाला उत्तराविना परत पाठवलं नाही, खरं नसलं तर खोटं देतो. पण त्या दिवशी सरळच दिलं. म्हटलं, जाऊन इचारा पोरीला. त्यावर ते काठी घेऊन उठलेच. दारापर्यंत गेले, मागं फिरले, बंडीच्या खिशात हात घातला आणि एक डबा काढला. हसऱ्या बाळाचा, कोरा.

"तवा अर्धा डबा इंजनाला गेला. ह्यो गाडीत ठेव. मी दिला म्हणू नको."

"मग कुणी दिला म्हणू?"

"खोटं बोलायचं तर तू मला इचारतोस व्हय?"

दुपारी मन्मथ जेवून आडवा झाला होता. मी गाडीच्या खणात डबा ठेवला. मग बॉनेट उघडलं आणि त्या क्लिपाचा स्क्रू अगदी जरासा, नख फिरवावं एवढा, सैल केला. एवढ्यानं गाडीला काही होत नाही, तेल किती उरलं ते दाखवणारी काडी मी रोज सकाळी काढून बघतो.

पुढच्या वारी मन्मथ शिव्या घालतच आला. क्लिपाला घातल्या, नळीला घातल्या, मला सोडून सगळ्यांना घातल्या. म्हटलं, फवाऱ्याची क्लिप ती, अजून काय करंल. पण एकच थेंब हाय न्हवं, सोडून दे. आणि त्या डब्याचं विचारू नको, मी बाजारातून आणलाय.

एकच थेंब होता. राजकन्याच्या दारासमोर, पांढऱ्या मुरमावर, मसुरीच्या डाळीएवढा. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत त्याच्यावर राख पडलेली होती.