मान्य रक्कम

पैसे खात्यात होते, ते कुणी अडवले नव्हते, आणि तरीही भालचंद्र कारखानीस थकबाकीदार ठरले होते. शनिवारी सकाळी चहाचा कप हातात धरून ते मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“सहकर्जदाराच्या नावावर हप्ते थकलेत, म्हणून बँकेने गृहकर्जाची फाइल थांबवली आहे,” हेमांगी फोन टेबलावर ठेवत म्हणाली. “आणि सहकर्जदार तुम्ही आहात, बाबा.”

“माझ्याकडे कुणाचा एक पैसाही थकलेला नाही.”

“मग हा टीव्ही कुणाचा?”

भिंतीवरच्या बंद पडद्यात तिघांच्या काळ्या सावल्या दिसत होत्या. हेमांगीची आई प्रभाताई गुडघ्याला तेल चोळता चोळता थांबल्या.

राजधानीतल्या मयूर विहारच्या या घरात त्यांची तीस वर्षे गेली होती. पण घर तिसऱ्या मजल्यावर, आणि सोसायटीला लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यापासून प्रभाताई भाजीलासुद्धा खाली उतरत नव्हत्या. म्हणून हेमांगीने शहराच्या दुसऱ्या टोकाला द्वारकेत, ती भाड्याने राहत होती त्याच सेक्टरमध्ये, दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला होता. एक खोली तिची, दुसरी आई-बाबांची. तिच्या एकटीच्या पगारावर तेवढे कर्ज बसत नव्हते; वडिलांचे पेन्शन जोडले की बसत होते. विकणाऱ्याने होळीपर्यंत थांबायचे कबूल केले होते. आता ती दुसरी खोली या टीव्हीपाशी येऊन अडली होती.

दिवाळीत जुना टीव्ही बंद पडला, तेव्हा नवा रोखीने आणण्याइतके पैसे मुदत ठेवीत होते. प्रभाताईंनी तसे सुचवलेही होते. पण दुकानातल्या विक्रेत्याने ‘नो कॉस्ट’ हप्त्यांची गोष्ट काढली आणि भालचंद्ररावांनी माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात गणित मांडले. अठ्ठेचाळीस हजार, बारा हप्ते, दरमहा चार हजार, व्याज शून्य. शिवाय ठेव न मोडल्यामुळे तिचे व्याज चालूच. रोखीने घेतला तर किंमत उतरते का, हे त्यांनी विचारले नाही आणि विक्रेत्याने आपणहून सांगितले नाही. मोबाइलवर दोन ओटीपी आले, दोन्ही त्यांनी स्पष्ट उच्चारात वाचून दाखवले. पहिला कर्जाचा होता. दुसरा कशाचा, ते पहिल्या हप्त्याच्या संदेशातून कळले. हप्ता चार हजार नव्याण्णव रुपयांचा होता, आणि वरचे नव्याण्णव ‘स्क्रीन सुरक्षा योजने’चे होते.

कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन भालचंद्ररावांनी सारा जन्म केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ठेकेदारांची देयके तपासण्यात घालवला होता. तिथली पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली होती. देयकातली जी रक्कम मान्य, ती चुकती करायची. जी वादग्रस्त, ती पत्र पाठवून रोखून धरायची. आणि पहिले देयक निकाली निघाल्याखेरीज दुसरे विचारात घ्यायचे नाही. तेव्हा त्यांनी टीव्हीसाठी कर्ज देणाऱ्या वित्तकंपनीला सविस्तर पत्र लिहिले आणि ज्या खात्यातून हप्ता जायचा, त्यात बरोबर चार हजार ठेवले. मान्य रक्कम तयार होती. कंपनीने ती घ्यावी, एवढेच बाकी होते. कंपनीने घेतली नाही. उलट बँकेने हप्ता परत गेल्याचा दंड कापला. भालचंद्ररावांनी ती तूट भरून आकडा पुन्हा चार हजारांवर आणला. पुढच्या महिन्यात तेच झाले, त्याच्या पुढच्या महिन्यातही.

“वसुलीवाल्यांचे फोन येत नव्हते?” हेमांगीने विचारले.

“येत होते की! ‘अंकल जी, ईएमआई बाउंस हो गया.’ मी प्रत्येकाला सांगितलं, ‘राशि खाते में उपलब्ध है, आप ले नहीं रहे. पहले मेरे पत्र का उत्तर दीजिए.’”

“नव्याण्णव रुपयांसाठी, बाबा!”

“रक्कम किती, हा मुद्दा नाही. न मागितलेली वस्तू देयकात आली. ते तसंच पास करायचं? तत्त्व म्हणून काही असतं.”

“असतं ना,” प्रभाताई म्हणाल्या. “पण तुमच्या तत्त्वाला लिफ्ट नाही हो. मला जिनाच चढावा लागतो.”



सोमवारी भालचंद्रराव लक्ष्मीनगरला कंपनीच्या कार्यालयात गेले. काउंटरवरच्या मुलीने हिंदीत नाव विचारले आणि आडनाव ऐकताच तिचा चेहरा खुलला.

“काका, मराठी? मी अक्षया, नागपूरची. बसा ना.”

“माझे पत्र आपल्याला मिळाले आहे. पोहोचपावती माझ्याजवळ आहे. उत्तर मिळालेले नाही.”

“पत्र?” ती गोंधळली. “इथे पत्रं कुणी पाठवत नाही, काका. तक्रार ॲपवर टाकायची असते.”

“मग आवक कुठे नोंदवता?”

“आवक म्हणजे?”

“बाहेरून आलेला कागद. तो कुणाच्या टेबलावर जातो?”

अक्षयाने इकडेतिकडे पाहिले आणि पाण्याच्या कूलरशेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट केले. जाहिरातींची पत्रके आणि लग्नाची एक निमंत्रणपत्रिका यांच्याखाली भालचंद्ररावांना आपले वळणदार अक्षर दिसले. लिफाफा फोडलेलाच नव्हता. टेबल नाही, शिक्का नाही, कारकून नाही. ज्या कार्यालयात कागद आतच येऊ शकत नाही, त्याला कार्यालय तरी कसे म्हणायचे, हे त्यांना उमगेना.

“पण चार हजार खात्यात होते,” ते हळूच म्हणाले. “तेवढे तरी घ्यायचे होते.”

“सिस्टीम अर्धवट नाही घेत, काका. सगळे, नाही तर काहीच नाही.”

“म्हणजे चार हजार काढून ठेवणारा माणूस आणि छदामही न देणारा माणूस, तुमच्या लेखी सारखेच?”

“बिल्कुल,” अक्षया म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. पत्ता विचारणाऱ्याला वळण सांगावे, तितक्या सहजपणे ती बोलली होती.

सुरक्षा योजना आता रद्द करता येईल का, हेही त्यांनी विचारले. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत करता आली असती, असे कळले. त्या पंधरा दिवसांत ते पत्राचा मसुदा सुधारत होते. त्यांनी थकलेले हप्ते भरले, दंड भरला, दंडावरचा कर भरला, आणि पावती मागितली. ती ईमेलने आली. बँकेकडे दिसणारी नोंद सुधारायला महिना, दीड महिना लागेल, अक्षयाने सांगितले. आणि सुधारली तरी उशीर झाला होता, एवढे त्यात दिसत राहीलच.

विकणारा होळीनंतर थांबला नाही. हेमांगीने वडिलांचे नाव अर्जातून काढले आणि तिच्या एकटीच्या पगारावर जेवढे कर्ज मिळाले, तेवढ्यात त्याच सोसायटीतला एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्या दिवशी ती वडिलांना काही बोलली नाही. ती भांडली असती तर बरे झाले असते, असे भालचंद्ररावांना वाटले. भांडणात निदान मुद्दे असतात.

पुढच्या रविवारी ती नव्या घराचा नकाशा घेऊन आली.

“बेडरूम तुम्ही दोघं घ्या. मी हॉलमध्ये झोपेन.”

“मुळीच नाही,” प्रभाताई म्हणाल्या. “सकाळी ऑफिसला तुला जायचंय. आम्ही हॉलमध्ये सोफा-बेडवर झोपू. लिफ्ट आहे ना? मग झालं तर.”

“गॅलरी बंद करून घेतली, तर तिथेही एक खाट बसेल,” भालचंद्रराव नकाशावर पट्टी ठेवत म्हणाले. “त्यासाठी सोसायटीची परवानगी...”

“बाबा, पत्र लिहू नका, प्लीज.”

प्रभाताई आधी हसल्या, मग हेमांगीलाही हसू आवरले नाही. भालचंद्ररावांनी पेन्सिलला टोक काढले.

त्यांनी नकाशावर हॉलच्या भिंती मापल्या. एका भिंतीला दार होते, दुसरीला खिडकी, तिसरी स्वयंपाकघराकडे उघडी. उरलेल्या एकाच भिंतीवर त्यांनी टीव्हीचा चौकोन काढला, कारण मयूर विहारचे घर भाड्याने दिले की टीव्ही तिकडेच न्यायचा, असे ठरले होते. मग सोफा-बेड काढला. मिटलेला असताना तो कसाबसा बसत होता. उघडला की टीव्हीखालच्या टेबलाला धडकत होता. त्यांनी तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, खिडकीपाशी सरकवला. मापे चुकत नव्हती. त्यांनी ती पुन्हा घेतली, तीच आली.

शेवटी त्यांनी खोडरबर उचलले आणि टीव्ही पुसला. सोफा-बेड नीट उघडला.

“अहो,” खांद्यावरून डोकावत प्रभाताई म्हणाल्या, “त्याचे हप्ते अजून चालू आहेत.”

“हो. पूर्ण भरतोय.”

पुसलेल्या जागी शिशाची फिकट रेघ राहिली होती. ती हिशेबात धरायची की सोडून द्यायची, हे ते पेन्सिल हातात घेऊन ठरवत होते.